राहू दे, तेवढंच सुख आहे त्यांना

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमधली गोष्ट. आम्ही चार-पाच मित्र रात्री पुणे स्टेशनच्या आसपास ब्लँकेटं वाटायला गेलो होतो. फूटपाथवर पथारी टाकून बसलेल्या एका काकांनी ब्लँकेट घेतलं, घडी मोडून गुडघ्यांवर ओढलं आणि विचारलं, "पोरा, विडी हाय का रं?" माझ्याकडे नव्हती. बरोबरच्या मित्राने समोरच्या टपरीवरून एक बंडल आणि काडेपेटी आणून त्यांच्या हातात ठेवली. माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "राहू दे रे. तेवढंच तर सुख आहे त्यांना."

मी काही बोललो नाही. खरं तर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच असायला हवं होतं, कारण माझा पीएचडीचा विषयच हा आहे: गरिबांसाठी चालवलेल्या संस्था आणि तंबाखू. पण समोर थंडीत बसलेला माणूस असताना प्रबंधाचा आराखडा काय कामाचा? शिवाय मित्राचं म्हणणं चुकीचं आहे असं मला तेव्हा छातीठोकपणे म्हणता आलं नसतं.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते मी आधी वाचलं होतं. शब्द वेगळे, भाषा इंग्रजी, पण वाक्य तेच. इंग्लंडमधल्या गरीबखान्यांच्या कारभारात, अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांच्या वादांत, सिगारेट कंपन्यांच्या कागदपत्रांच्या मागे, सगळीकडे ते कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. आज तुम्हाला त्या वाक्याचाच प्रवास सांगतो. इंग्लंड-अमेरिका का, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे. तिथल्या संस्थांनी नियम, हिशेब आणि पत्रव्यवहार जपून ठेवला, त्यामुळे माग काढता येतो. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, ते शेवटी सांगतो.

सुरुवात इंग्लंडपासून. १८३४ मध्ये तिथे गरिबांना मदत देण्याचा नवा कायदा झाला. घरबसल्या मदत शक्यतो बंद करायची, ज्याला मदत हवी त्याने वर्कहाऊसमध्ये यावं, असं त्याचं सूत्र. वर्कहाऊस म्हणजे गरिबांसाठीची सरकारी वास्तू. तिथे जेवण मिळे, छप्पर मिळे, काम करावं लागे, आणि नवरा-बायकोला वेगवेगळं ठेवलं जाई. आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही कमी सुखाचं असलं पाहिजे, हे ठरवून केलेलं होतं. नाहीतर लोक आयते येऊन बसतील, ही भीती. (ही भीती तुम्हाला ओळखीची वाटली तर नवल नाही. आपल्याकडच्या रात्रनिवाऱ्यांबद्दलही लोक हेच बोलतात.)

अशा जागी तंबाखूला थारा कुठला? वर्कहाऊसच्या डॉक्टरने खास सांगितल्याखेरीज वर्कहाऊसच्या कुठल्याही खोलीत धूम्रपान करायचं नाही, असा नियम होता. यात आरोग्याचा काही संबंध नव्हता, हे लक्षात घ्या. फुफ्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचा संबंध सिद्ध व्हायला अजून शंभर वर्षं होती. तंबाखू ही चैन होती, आणि लोकांच्या करावर जगणाऱ्याला चैन शोभत नाही, एवढाच मुद्दा.

१८९२ मध्ये हे थोडं सैल झालं. वर्कहाऊसमधल्या म्हाताऱ्या माणसांना तंबाखू द्यायला वरच्या मंडळाने परवानगी दिली. पाठोपाठ म्हाताऱ्या बायकांना चहा-साखरेची सवलत मिळाली. जन्मभर राबून शेवटी इथे येऊन पडलेल्या म्हाताऱ्याला चिलीमभर तंबाखू मिळाली तर कुणाचं काय बिघडतं, असा सूर तोवर लागला होता. म्हणजे आपलं वाक्य इथे पहिल्यांदा सरकारी नियमात उतरलेलं दिसतं: तेवढंच सुख आहे त्यांना.

पण ही दया सगळ्यांसाठी नव्हती. त्याच वास्तूच्या एका कडेला आणखी एक विभाग असे. गावोगाव पायी फिरणाऱ्या बेघरांना, ज्यांना तिकडे 'ट्रॅम्प' म्हणत, रात्रीपुरता आसरा देणारा. लोकांच्या बोलीत त्याचं नाव 'स्पाइक'. १८८२ च्या कायद्याने तिथे आलेल्याला लगेच दुसऱ्या सकाळी सोडत नसत. त्याच्याकडून खडी फोडणं, जुने डांबरी दोर उसवणं असली कामं करून घेत आणि परवा सकाळी बाहेर काढत. एकाच स्पाइकमध्ये महिन्यात पुन्हा जायचं नाही. त्यामुळे माणूस रोज पंधरा-वीस किलोमीटर चालत पुढच्या स्पाइककडे निघालेला. आणि आत शिरताना झडती. पैसे, खाणं, तंबाखू, काड्या, सगळं काढून घ्यायचं.

एकाच आवारात, भिंतीच्या अलीकडे म्हाताऱ्याला तंबाखू वाटताहेत आणि पलीकडे ट्रॅम्पच्या खिशातून काढून घेताहेत. वाटणाऱ्याला आणि काढून घेणाऱ्याला तंबाखूचं काही पडलेलं नव्हतं. कोण दयेला पात्र आणि कोण नाही, याची ती खूण होती.

स्पाइकच्या आत काय चालायचं हे आपल्याला कळतं ते मुख्यतः जॉर्ज ऑर्वेलमुळे. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी असलेला हा माणूस नोकरी सोडून लंडनच्या आसपास फाटक्या कपड्यांत ट्रॅम्पांबरोबर फिरला. एप्रिल १९३१ मध्ये 'द अडेल्फी' मासिकात त्याचा 'द स्पाइक' हा लेख आला, आणि १९३३ च्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' या पुस्तकात तोच अनुभव पुन्हा आला. मला त्या लेखातली भाकरी, अंघोळ, दमट बराकी यापेक्षा तंबाखूच जास्त दिसते. अर्थात माझा चष्माच तसला आहे.

शनिवारची संध्याकाळ. एकोणपन्नास माणसं, त्यांत एकच बाई, स्पाइकचं दार उघडायची वाट बघत गवतावर पडली आहेत. आत तंबाखू न्यायला मनाई, पण तिच्याशिवाय शनिवार-रविवार काढायचे कसे? मग ती पायमोज्यांत लपवायची. ज्यांना मोजे नाहीत ते बुटांत ठेवणार, अगदी पायाच्या बोटांखालीसुद्धा. घोटे इतके फुगले होते की बघणाऱ्याला हत्तीरोगाची साथ आल्यासारखं वाटावं, अशी थट्टा ऑर्वेल करतो. आणि एक अलिखित नियम: झडती घेणारा कितीही कडक असला तरी गुडघ्याच्या खाली हात घालत नाही. म्हणजे मनाई करणाऱ्यालाही ठाऊक आहे, लपवणाऱ्यालाही ठाऊक आहे.

त्या दिवशी एकच जण पकडला गेला. ग्लासगोकडच्या बोलीत बोलणारा स्कॉटी नावाचा ठेंगणा, केसाळ ट्रॅम्प. नेमक्या वेळी त्याच्या मोज्यातून डबी खाली पडली आणि जप्त झाली. डबीत काय होतं? थोटकं. रस्त्यावरून वेचलेली सिगारेटची थोटकं. सोमवारी सकाळी सुटल्यावर ऑर्वेल रस्त्याला लागला, तेवढ्यात हा स्कॉटी मागून धावत आला. डबी परत मिळाली होती. आदल्या दिवशी ऑर्वेलने त्याला ओढायला दिलं होतं, त्याची परतफेड म्हणून त्याने चार ओलसर, कळकट थोटकं त्याच्या हातावर ठेवली.

लेख तिथेच संपतो. साहित्याचे विद्यार्थी यात माणुसकी बघतात, आणि ती आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे देण्या-घेण्यासारखं उरलेलं हे एकमेव चलन आहे. उसनं देता येतं, फेडता येतं, त्याने ओळख होते, शब्द राखला जातो. बेघर माणसाला सिगारेट सोड म्हणणारा डॉक्टर त्याला निकोटिनबरोबर हा सगळा व्यवहारही सोडायला सांगत असतो, आणि बहुतेक वेळा डॉक्टरला ते माहीत नसतं. याचा दुसरा चेहराही सांगायला हवा. थोटकं वेचणं, एकच सिगारेट चार जणांनी ओढणं हे ऑर्वेलच्या काळात संपलं नाही. अलीकडच्या काळात बेघर लोकांवर झालेल्या अभ्यासांतही ते नोंदलेलं आहे. दुसऱ्याच्या तोंडातली सिगारेट म्हणजे दुसऱ्याचा क्षय, दुसऱ्याचा सर्दी-ताप. ऑर्वेल स्वतः हाताने वळलेल्या सिगारेटी सतत ओढायचा. तो जानेवारी १९५० मध्ये क्षयाने वारला, वय ४६. सिगारेटमुळेच, असा निष्कर्ष मी काढत नाही. पण त्या फुफ्फुसांना धुराची मदत झाली नसणार, एवढं नक्की.

आता समुद्र ओलांडून अमेरिकेत जाऊ, कारण पुढचं वळण तिथे आहे. इंग्लंडमध्ये प्रश्न होता तंबाखू कुणाला द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची. विसाव्या शतकाच्या अमेरिकेत ती सगळ्यांनाच दिली जाऊ लागली. सैन्याच्या शिध्यात सिगारेट होती, आणि ती १९७५ पर्यंत राहिली. त्या शिध्यावर व्हिएतनाममध्ये लढून आलेले कितीतरी सैनिक पुढे रस्त्यावर आले.

मनोरुग्णालयांची कथा याहून गुंतागुंतीची. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर रुग्ण होते. तिथे सिगारेट हे कामाचं बक्षीस होतं. १९६० च्या दशकात 'टोकन' पद्धत आली: अंथरूण आवरलं, वेळेवर जेवलं की टोकन, आणि टोकनच्या बदल्यात मिळणाऱ्या वस्तूंत सिगारेट. पुढे ही रुग्णालयं झपाट्याने रिकामी केली गेली. रुग्णांना समाजातच उपचार मिळतील असं सांगितलं, पण त्या सोयी पुरेशा उभ्या राहिल्याच नाहीत. त्यातले काही जण रस्त्यावर आले. किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. माझ्या मते शहरांतल्या स्वस्त भाड्याच्या खोल्या नाहीशा झाल्या हे कारण निदान तितकंच मोठं आहे. काही असो, जे बाहेर आले ते संस्थेने जोपासलेलं व्यसन बरोबर घेऊन आले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने रुग्णालयांत धूम्रपानबंदी सक्तीची करायचं ठरवलं. तेव्हा विरोध कुणी केला? मनोरुग्णांच्या कुटुंबीयांनी आणि त्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी. आधीच इतकं सोसलेल्या माणसाकडून सिगारेटही काढून घेणार का, हा त्यांचा प्रश्न होता. मनोरुग्ण विभागांना सूट मिळाली. शंभर वर्षांपूर्वी वर्कहाऊसमधल्या म्हाताऱ्याला जी दया मिळाली, तीच ही. आणि या वेळी मात्र सिगारेट काय करते हे सगळ्यांना माहीत होतं.

या दयेवर कुणाची तरी नजर होती.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांनी सिगारेट कंपन्यांवर भरलेल्या खटल्यांच्या तडजोडी झाल्या आणि कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खुली करावी लागली. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या संग्रहात अशी कोटीहून जास्त कागदपत्रं आहेत. मी पुण्यात, होस्टेलच्या खोलीत बसून ती वाचतो. प्रत्येक पानाच्या कडेला क्रमांक, हाताने मारलेल्या रेघा, कुणाची तरी आद्याक्षरं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी चंगळ नाही, पण वाचून झाल्यावर जेवण जात नाही.

त्यातलं एक प्रकरण १९९५ चं. आर. जे. रेनॉल्ड्स या कंपनीची सॅन फ्रान्सिस्कोसाठीची विक्रीची योजना. लक्ष्य दोन वस्त्या: कॅस्ट्रो, जिथे समलिंगी लोकांची मोठी वस्ती, आणि टेंडरलॉइन, जिथे रस्त्यावर राहणारी माणसं. योजनेचं नाव इंग्रजीत 'शहरी उपसंस्कृतींतला व्यापार' अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं घेऊन केलेलं: 'स्कम'. या शब्दाचा मूळ अर्थ साचलेल्या पाण्यावर धरणारा मळीचा थर. माणसाला उद्देशून वापरला की ती शिवी आहे. नंतर कुणालातरी ते खटकलं असावं, कारण कागदावर ते नाव खोडून वर हाताने 'सावरडो' असं लिहिलंय. सावरडो म्हणजे आंबवलेल्या पिठाचा पाव, सॅन फ्रान्सिस्कोची खासियत. योजना तीच, नाव चविष्ट.

हे एकटदुकट प्रकरण नव्हतं. डोरी अपोलोनिओ आणि रूथ मलोन या दोन संशोधकांनी ही कागदपत्रं चाळून २००५ मध्ये 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. दोघी त्याच विद्यापीठातल्या, म्हणजे टेंडरलॉइन त्यांच्याच शहरात. बेघर आणि गंभीर मानसिक आजार असलेले लोक कंपन्यांच्या हिशेबात 'खालच्या थरातलं गिऱ्हाईक' म्हणून नोंदलेले होते, हे त्यांनी दाखवलं. निवाऱ्यांना आणि मनोरुग्णालयांना फुकट सिगारेटी दिल्या जात होत्या. बेघरांना ब्रँडचं नाव असलेली ब्लँकेटं वाटली जात होती. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांशी संबंध जोडले जात होते आणि त्यातून कंपन्यांना चांगली प्रसिद्धी आणि राजकीय पाठिंबा मिळत होता.

ब्लँकेटांशी आलो तेव्हा मी वाचायचं थांबलो. स्टेशनबाहेरची ती रात्र आठवणारच.

त्या संस्थांना दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही. हिवाळा तोंडावर आहे, खाटा कमी पडताहेत, आणि कुणीतरी ब्लँकेटं घेऊन दाराशी आलंय. तुम्ही कोपऱ्यात छापलेलं नाव वाचत बसाल का? कंपन्यांनी त्यांच्या गरजेचा आणि त्यांच्या दयेचा, दोन्हींचा फायदा घेतला. 'तेवढंच सुख आहे त्यांना' हे वाक्य कंपनीला जाहिरातीत लिहावंच लागलं नाही. चांगली माणसं ते फुकटात बोलत होती.

आता प्रश्न उरतो की वाक्य खरं आहे का. इथे इतिहास सोडून वैद्यकातल्या अभ्यासांकडे वळावं लागतं.

अमेरिकेतल्या बेघर प्रौढांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोक सिगारेट ओढतात, तर २०१३ च्या आसपास एकूण प्रौढांत हे प्रमाण पाचात एकाहूनही कमी होतं. बॉस्टनमध्ये ट्रॅव्हिस बॅगेट या डॉक्टरने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २००८ या काळात बेघरांच्या आरोग्यसेवेत आलेल्या २८,०३३ प्रौढांचा मागोवा घेतला. त्यातले १,३०२ जण वारले. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने २१९, कर्करोगाने २०६, हृदयविकाराने २०३. पहिला आकडा वर्तमानपत्रांत येतो. पुढचे दोन मिळून त्याच्या जवळपास दुप्पट होतात, आणि त्या दोन्ही आजारांमागे तंबाखूचा हात मोठा आहे. कर्करोगाच्या मृत्यूंत सर्वांत जास्त फुफ्फुसाचेच. बॅगेट यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात तंबाखूला बेघरांचं दुर्लक्षित व्यसन म्हटलं. दारूवर उपचार, हेरॉइनवर उपचार, सिगारेटचं नंतर बघू.

नंतर का? कारण त्यांना सोडायचीच नसते, असं गृहीत धरलेलं. २००२ मध्ये पिट्सबर्गच्या बेघरांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी येत्या सहा महिन्यांत सोडायची तयारी असल्याचं सांगितलं. निबंधाच्या शीर्षकात संशोधकांनी प्रश्नच टाकला होता: इच्छा आहे, पण मार्ग आहे का?

मार्ग शोधायचा मोठा प्रयत्न झाला मिनेसोटात. कोला ओकुयेमी आणि सहकाऱ्यांनी ४३० बेघर लोकांना घेऊन प्रयोग केला. सगळ्यांना आठ आठवडे निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. निम्म्यांना त्यासोबत समुपदेशनाच्या बैठका, बाकीच्यांना थोडक्यात सल्ला. २६ आठवड्यांनी पहिल्या गटात ९.३ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, दुसऱ्यात ५.६ टक्के. माणसांत मोजलं तर साधारण २० आणि १२. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे समुपदेशनाचा फायदा सिद्ध झाला असं संशोधकांनी म्हटलं नाही. २०२० मध्ये अशा दहा प्रयोगांचा, १,६३४ लोकांचा, एकत्रित आढावा निघाला. त्यातही ठाम सांगण्यासारखं काही हाती लागलं नाही.

मग मित्राचंच बरोबर, नाही का? मला तसं वाटत नाही. त्या ३२ माणसांचा विचार करा. त्यांच्याकडे दाराला कडी नाही. आजूबाजूचे सगळे ओढताहेत. रात्री झोप नाही, सकाळी निवाऱ्यातून बाहेर, संध्याकाळपर्यंत वेळ कसा काढायचा हा प्रश्न, आणि भूक दाबायला निकोटिनइतकं स्वस्त काही नाही. तरीही त्यांनी सोडली. आणि जवळपास तीन-चतुर्थांश लोक सहा महिन्यांनी तपासणीला हजर होते. पत्ता नसलेली माणसं, ठरल्या वेळी, सिगारेट सोडण्याच्या कामासाठी परत आली. 'त्यांना नकोच असतं' हे गृहीतक इथे तरी टिकत नाही.

उरला सुखाचा मुद्दा. सिगारेट ओढली की बरं वाटतं, हे खरंच आहे. पण त्यातलं बरंचसं बरं वाटणं मागच्या सिगारेटचा असर उतरल्यामुळे आलेली अस्वस्थता शमल्याचं असतं. घट्ट बूट दिवसातून वीसदा काढायचा आणि दरवेळी हायसं वाटून घ्यायचं, तसं. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाला होता, आणि मानसिक आजार असलेल्यांतही हेच दिसलं. तो आढावा खास बेघरांवरचा नाही, हे मान्य. पण 'सिगारेट काढून घेतली तर तो कोलमडेल' या भीतीला त्यात आधार सापडत नाही.

अर्थात 'काढून घेणं' हा शब्द मलाही टोचतो. स्पाइकच्या दारावर झडती घेणाराही काढूनच घेत होता. निवाऱ्यात नुसती बंदी घालायची आणि पट्ट्या, औषध, बसायला जागा यातलं काही द्यायचं नाही, हे त्याच झडतीचं नवं रूप झालं. इंग्लंडमध्ये बेघरांच्या केंद्रांतून ई-सिगारेट देऊन बघण्याचे प्रयोग झाले आहेत. २०२० मध्ये चार केंद्रांतल्या ८० लोकांवरचा प्राथमिक अभ्यास आला. आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदीच आहे, त्यामुळे तो मार्ग इथे लागू नाही आणि मी त्यात शिरत नाही.

आता आपल्याकडे येतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, त्यातले सुमारे २ लाख ११ हजार महाराष्ट्रात. तंबाखूची सगळ्यांत मोठी पाहणी २०१६-१७ ची: देशात २८.६ टक्के प्रौढ आणि महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात. या दोन आकड्यांची गाठ घालायला मी गेलो आणि अडलो. तंबाखूची पाहणी घरोघरी जाऊन केलेली. पाहणी करणारा दार वाजवतो. ज्याला दारच नाही त्याचं उत्तर त्या २६.६ टक्क्यांत कुठेच नाही.

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण म्हणून याच वर्षी स्टेशनच्या परिसरात काही मुलाखती घ्यायचं ठरवलं. तेव्हा ते काका पुन्हा भेटले. ब्लँकेट चोरीला गेलं होतं. विडीचा विषय काढला तर म्हणाले, एकदा आठ महिने सोडली होती. कधी? एका बांधकामावर रखवालदार होते तेव्हा. पत्र्याची खोली होती, रात्री आत झोपायचे, सकाळी चहा करून प्यायचे. "तवा आठवणच यायची न्हाई." इमारत पुरी झाली, खोली गेली, विडी परत आली. त्या आठ महिन्यांची नोंद कुठेच नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा पहिल्या भेटीत विचारलं नव्हतं.

तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून व्यसन सोडण्यासाठीचा फोन नंबर छापतात. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या विड्या-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली, लोकांना पाकिटावरचा इशारा दिसावा हे त्यामागचं एक कारण. मी काकांना विचारलं, नंबर कधी पाहिलाय का? त्यांच्याकडे फोन नाही. आणि टपरीवर ते दोन-दोन सुट्ट्याच घेतात, बंडलाचा कागद टपरीवाल्याकडेच राहतो. विड्या पावसात भिजू नयेत म्हणून त्यांनी एक प्लॅस्टिकची डबी ठेवली आहे. उघडून दाखवली. आत दोन विड्या होत्या, आणि तीन थोटकं.